ट्रान्सफर एकाची, पत्ता चौघांचा

ट्रान्सफर लेटर येतं एकाच्या नावाने, पण बॅगा भरतं अख्खं घर. गेल्या वर्षी आमच्या दादाच्या इनबॉक्समध्ये असंच एक लेटर येऊन पडलं. नाशिकचं ऑफिस सोडून मुंबईला, तेही थेट बीकेसीला! पगारात बऱ्यापैकी वाढ, व्हिजिटिंग कार्डावर नवं डेझिग्नेशन आणि रुजू व्हायला तीन महिन्यांची मुदत. दादा जाम खूश. आई गप्प. वहिनीने मात्र एकच प्रश्न विचारला, ''राहायचं कुठे?''

आता मी मुंबईत सहा वर्षं काढलीयेत आणि तेवढ्यात पाच घरं बदललीयेत, त्यामुळे घरशोधणीचं 'मुंबई डेस्क' आपोआप माझ्याकडे आलं. पण एकट्या मुलीने पीजी शोधणं वेगळं आणि फॅमिलीसाठी उपनगर शोधणं वेगळं. मला काय, जवळ स्टेशन आणि खोलीत वाय-फाय असलं की पुरे. इथे लिस्टवर चार माणसं होती. दादा. वहिनी, जी नाशिकच्या एका शाळेत आठ वर्षं शिकवत होती. भाची, जी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. आणि आई, जिचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे आणि जिच्या तिन्ही बहिणी नाशिकमध्ये आहेत.

सल्ल्यांना अर्थातच तोटा नव्हता. मुंबईत कुणालाही विचारा, राहायला बेस्ट एरिया कुठला? तो स्वतः राहतो तोच! दादाचा बॉस म्हणाला ठाणे. कॉलेजचा मित्र म्हणाला खारघर. मावसभाऊ म्हणाला डोंबिवलीला पर्याय नाही. माझी बोरिवलीची मैत्रीण तर 'सेंट्रल लाइन'चं नाव ऐकूनच दचकली. सगळे मनापासून सांगत होते आणि सगळे आपापल्या ऑफिसच्या हिशेबाने सांगत होते. गंमत बघा, दादाच्या घरातली बाकीची तीन माणसं दिवसभर काय करणार, हे एकानेही विचारलं नाही.

किलोमीटर विसरा, मिनिटं मोजा

नाशिकमध्ये दादा गंगापूर रोडवरच्या घरातून स्कूटरवर निघायचा आणि बारा मिनिटांत ऑफिसात पोचायचा. दुपारी घरी जेवायला यायचा. अशा माणसाला मुंबईचा नकाशा दाखवला की तो बोटाने अंतर मोजतो. ''अगं, ठाणे ते सीएसएमटी चौतीस किलोमीटर, कल्याण चोपन्न. बीकेसी तर अलीकडेच. फार नाहीये!''

फार नाहीये, बरोबर. पण मुंबईत प्रवास स्टेशनपासून सुरू होत नाही, तो घराच्या कुलपापासून सुरू होतो. कुलूप, लिफ्ट, रिक्षाची रांग, रिक्षा, स्टेशनचा पूल, प्लॅटफॉर्म, न मिळालेली पहिली लोकल, मिळालेली दुसरी लोकल, कुर्ल्याचा पूल, शेअर रिक्षाची रांग, बीकेसीचा सिग्नल आणि ऑफिसच्या लिफ्टची रांग. हे सगळं धरून जे मिनिटांत उत्तर येतं, ते तुमचं खरं अंतर. जाताना दीड तास आणि येताना दीड तास असेल तर दिवसाला तीन तास. महिन्यात बावीस दिवस कामाचे धरले तर ६६ तास. वर्षाचे ७९२ तास, म्हणजे चोवीस तासांचे ३३ दिवस! कंपनी वर्षाला जेवढ्या रजा देते, त्याहून जास्त दिवस तुम्ही लोकलमध्ये काढता.

''मोबाइलवर सिरीज बघीन,'' दादा म्हणाला.

''आधी उभं राहायला जागा मिळू दे, मग रिमोट शोध,'' मी म्हटलं.

हा विनोद फार वेळ टिकत नाही, कारण गर्दी ही नुसती गैरसोय नसते. ९ जून २०२५ला, सोमवारी सकाळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकल्सच्या दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. म्हणून माझा पहिला फंडा असा : घर आवडलं की टोकन देऊ नका. आधी मंगळवारी किंवा बुधवारी, ऐन ऑफिसच्या वेळेला, त्या घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत एकदा जाऊन या आणि संध्याकाळी परत या. सगळे लोक रविवारी घरं बघतात. रविवारी रस्ते मोकळे असतात, ब्रोकरची गाडी एसी असते आणि लोकलला मेगाब्लॉक असतो. त्या दिवशी मुंबईबद्दल जे काही कळतं, ते सोमवारी निकामी होतं.

चार दिशा, चार पॅकेजेस

आम्ही तीन वीकएंड आणि दादाच्या चार रजा खर्चून चार दिशा पालथ्या घातल्या. थोडक्यात सांगते.

घोडबंदर रोड, ठाणे. दादाचं लव्ह ॲट फर्स्ट साइट! एकोणिसाव्या मजल्यावरचा टू बीएचके, मागे येऊरचे डोंगर, खाली स्विमिंग पूल, क्लब हाऊस आणि मुलांसाठी घसरगुंड्या. ठाण्यात तलाव आहेत, नाटकं आहेत, गडकरी रंगायतन आहे. पण आम्ही बुधवारी सकाळी कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायला निघालो आणि स्टेशनच्या पुलावर चढेपर्यंत पन्नास मिनिटं झाली होती. लोकल अजून पकडायचीच होती. सेल्सवाला म्हणाला, ''सर, मेट्रो येतेय ना!'' त्यावर पुढे बोलते.

डोंबिवली. आई इथे एकदम खुलली. फडके रोडवर उभं राहिलं की पाच मिनिटांत कुणीतरी ओळखीचं आडनाव सापडतं. गुढीपाडव्याच्या ज्या स्वागतयात्रा आता गावोगाव निघतात, त्यांची सुरुवात १९९९मध्ये इथूनच झाली. त्याच भाड्यात घोडबंदरपेक्षा घर ऐसपैस. पण सकाळची फास्ट लोकल बघून दादाचा चेहरा उतरला. शिवाय डोंबिवलीत 'कुठल्या बाजूला' हा प्रश्न महत्त्वाचा. इथल्या एमआयडीसीत २०१६ आणि २०२४मध्ये मोठे स्फोट झाले आणि आसपासच्या वस्तीच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. बाल्कनीतून समोर काय दिसतं एवढंच बघू नका, मागच्या बाजूला काय आहे तेही चालत जाऊन बघा.

खारघर. रुंद रस्ते, झाडं, सेंट्रल पार्क, शाळाच शाळा. सिडको १९७०मध्ये स्थापन झाली ती मुंबईवरचा भार हलका करणारं नवं शहर वसवायला, आणि खारघरमध्ये फिरताना ते प्लॅनिंग जाणवतं. हार्बर लाइनने कुर्ल्याला थेट लोकल. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३पासून धावतेय आणि नव्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं. ज्यांचं ऑफिस बेलापूर-वाशी पट्ट्यात आहे, त्यांनी पुढचं वाचायचीही गरज नाही, सरळ तिथे जा! पण बीकेसी आणि नाशिक ही दोन टोकं जोडायची तर खारघर आम्हाला आडबाजूला पडत होतं.

बोरिवली. नॅशनल पार्क दाराशी, प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, चांगली मार्केट्स. फास्ट लोकलने वांद्रे आणि तिथून बीकेसी. मेट्रोचाही पर्याय आहे, कारण ॲक्वा लाइनमुळे ऑक्टोबर २०२४पासून बीकेसीला स्वतःचं मेट्रो स्टेशन मिळालंय. पण आईचा प्रश्न आला, ''इथून नाशिकची गाडी कुठून पकडायची?'' पंचवटी एक्स्प्रेस दादर, ठाणे, कल्याणला थांबते. बोरिवलीहून सामान घेऊन आधी दादर गाठायचं, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. आई काही बोलली नाही, पण ती पुन्हा बोरिवलीचं नाव काढेना.

तुटक रेघेचं भाडं भरू नका

आता ती मेट्रो. प्रत्येक ब्रोशरच्या नकाशावर मेट्रोची एक तुटक रेघ असते आणि भाडं मात्र अखंड रेघेचं मागतात. मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा ते घाटकोपर, हिचं भूमिपूजन २००६ला झालं आणि ती धावली २०१४मध्ये. नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रोचं काम २०११मध्ये सुरू झालं आणि ती धावली २०२३मध्ये. म्हणजे भूमिपूजनाच्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल गाडी सुरू होईपर्यंत बारावी पास! ठाण्याच्या मेट्रो चारची चाचणी सप्टेंबर २०२५मध्ये झाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तुमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. घर विकत घेणाऱ्याने तुटक रेघेवर पैज लावायची तर लावावी, भाड्याने राहणाऱ्याने आज जे तिकीट निघतं त्यावरच घर निवडावं.

उलट्या बाजूनेही जुनी माहिती डोक्यात ठेवू नका. 'मुलुंड नाका ओलांडला की टोल' हा हिशेब अनेकजण अजून सांगतात. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४मध्ये माफ झाला. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला, पण त्यावर टू-व्हीलर चालत नाही, हे बाइकवाल्या मित्रांनी घर घेण्याआधीच ध्यानात घ्यावं.

आणि हो, हायब्रिडवर फार विसंबू नका. 'आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचंय' म्हणून लांब घर घेणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. पॉलिसी एका ईमेलने बदलते. घर एका ईमेलने बदलत नाही.

नळ कुणाच्या नावाचा?

उपनगराचं नाव एक असलं तरी नळ वेगवेगळ्या मालकांचे असतात. 'नवी मुंबई' म्हणून जाहिरात होते, पण वाशी-नेरुळ नवी मुंबई महापालिकेत आणि खारघर-कामोठे २०१६मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे. ते सुख पलीकडच्या सेक्टरला आपोआप मिळत नाही. मुलुंड चेक नाक्याच्या अलीकडे मुंबई महापालिका, पलीकडे ठाणे. रस्ता तोच, पाणी वेगळं.

म्हणून आम्ही सेल्सवाल्याला पाण्याबद्दल विचारणं सोडून दिलं आणि वॉचमनला विचारायला लागलो. ''काका, एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात?'' क्लब हाऊसवाल्या एका टॉवरच्या वॉचमनकाकांनी शांतपणे सांगितलं, ''मोजत नाय ताई, लाइन लागते.'' दादाचा स्विमिंग पूल तिथेच आटला.

इमारतीचे कागदही बघा, भाड्याने राहायचं असलं तरी. महारेरा २०१७पासून आहे, पण नुसता रेरा नंबर दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नका. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचे आदेश दिले. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तिथे रेरा नोंदणी मिळवलेली होती. त्यात राहणाऱ्यांनी सगळं बघूनच घर घेतलं होतं ना! ओसी आहे का, हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका.

वहिनीच्या वहीतला शेवटचा रकाना

इतकं सगळं फिरूनही दादा घोडबंदरच्या एकोणिसाव्या मजल्यावर अडकला होता. ''दीड तास जाईन मी. मला त्रास होणार आहे ना, तुम्हाला काय? तुम्ही मस्त राहा डोंगर बघत!'' त्याला खरंच वाटत होतं की तो त्याग करतोय.

वहिनी शाळेतली बाई. तिने भांडण केलं नाही, वहीचं एक पान काढलं. चार माणसांच्या चार ओळी. रकाने असे : दिवसात घराबाहेर किती वेळ, जाण्या-येण्याचा खर्च, स्वतःच्या पायांनी कुठे कुठे जाता येतं, आणि शेवटचा रकाना, 'दुपारी अडीचला फोन आला तर?'

''म्हणजे काय?'' दादाने विचारलं.

''म्हणजे शाळेतून फोन आला की हिला ताप आलाय. किंवा आई बाथरूममध्ये पडल्या. तू बीकेसीत आहेस. कोण पोचणार?''

''तू आहेस की घरी.''

''मी घरी आहे हे कधी ठरलं?''

खोलीत शांतता. ट्रान्सफर लेटरमध्ये वहिनीचा राजीनामा कुठेच लिहिलेला नव्हता, पण घोडबंदरचा फ्लॅट घेतला की तो आपोआप मंजूर होणार होता. त्या टॉवरच्या गेटबाहेर पायी जाण्यासारखं काहीच नव्हतं. भाजी ॲपवर, डॉक्टर रिक्षाने, शाळा बसने. वहिनीने कुठल्याही शाळेत नोकरी धरली असती तरी तिच्या आणि मुलीच्या वेळांमध्ये हायवे येत होता. आईला तर देवळात जायलाही कुणाची तरी सोबत लागली असती. म्हणजे एका माणसाच्या नोकरीसाठी दुसऱ्या माणसाची नोकरी जाणार, तिसऱ्याचं फिरणं बंद होणार आणि चौथीला बसमध्ये पेंगत शाळेत जावं लागणार. एवढं देऊन मिळणार काय, तर डोंगराचा व्ह्यू.

दादा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, ''बरं. माझी ओळ सोडून बाकीच्या तिघांच्या ओळी आधी भरू.''

माझ्या मते घरशोधणीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तोच. नोकरी करणाऱ्या माणसाला कंपनी एक जग तयार करून देते. डेस्क, कँटीन, कलीग्ज, वाढदिवसाचा केक, सगळं पहिल्या दिवसापासून हजर. बाकीच्यांना मात्र सगळं शून्यातून उभं करायचं असतं आणि त्यासाठी त्यांच्या हाताशी असतो फक्त तो एरिया. म्हणून घर ऑफिसच्या हिशेबाने नाही, तर त्या एरियात ज्याचा दिवस सगळ्यात जास्त जाणार आहे त्याच्या हिशेबाने निवडायचं. ऑफिसचा प्रश्न फक्त एवढाच विचारायचा : रोज झेपेल का?

''नॉनव्हेज खाता का?''

शोध पुन्हा सुरू झाला, आता वेगळ्या पद्धतीने. आधी वहिनीने शाळांना फोन केले, स्वतःसाठी आणि मुलीसाठी. ज्या भागात चालत किंवा दहा मिनिटांच्या रिक्षात पाच-सहा शाळा आहेत, तेच भाग यादीत ठेवले. तिने मुलीसाठी ॲडमिशन आहे का हे विचारलंच, पण वर्गात मुलं किती आणि बस किती वाजता घ्यायला येते हेही विचारलं. आईसाठी लिफ्ट किंवा खालचा मजला, चालण्याच्या अंतरावर डॉक्टर, रात्री उघडं असणारं मेडिकल आणि बसायला कट्टा. अशा चाळणीतून दोन-तीनच नावं उरली.

एका सोसायटीत कमिटीने आमचा इंटरव्ह्यू घेतला. नोकरी काय, गाव कुठलं, पाहुणे किती येतात, सगळं झाल्यावर सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले, ''नॉनव्हेज वगैरे खात नाही ना तुम्ही?'' दादा शब्द शोधत होता, तेवढ्यात आई म्हणाली, ''खातो की. बुधवार, शुक्रवार, रविवार. श्रावणात नाही.'' दुसऱ्या दिवशी ब्रोकरचा फोन आला की ओनरचा विचार बदललाय. दादाला राग आला होता. आई म्हणाली, ''बरं झालं आधीच कळलं. जिथे बोंबील तळताना खिडक्या बंद कराव्या लागतात, तिथे मी राहणार नाही.'' सोसायटीचा स्वभाव कळायला असा एक प्रश्न पुरतो.

शेवटी घर मिळालं मुलुंड पूर्वेला. वन बीएचके, जुनी तीन मजली इमारत, पहिला मजला. क्लब हाऊस नाही, पूल नाही, व्ह्यू म्हणाल तर समोरच्यांची वाळत घातलेली कपडे. घोडबंदरच्या टू बीएचकेच्या जवळपास तेवढंच भाडं. नाशिकचं मोठं कपाट आलं नाही, मावशीकडे गेलं. आई आणि भाची हॉलमध्ये झोपतात. हे सगळं गोड मानून घेतलं असं मी लिहिणार नाही. दादाला पहिले दोन महिने जागा खुपत होती आणि तो ते बोलूनही दाखवत होता.

पण वहीतलं ते पान बघा. भाचीची शाळा चालत आठ मिनिटं. वहिनीला दोन महिन्यांनी रजेच्या जागेवर शाळा मिळाली, आधी टेंपररी आणि आता पुढच्या वर्षासाठीही. पगार नाशिकपेक्षा कमी आहे, आणि आठ वर्षांची सीनिऑरिटी गेली ती गेलीच. पण राजीनाम्यानंतर नोकरी आहे. दादा ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलने कुर्ल्याला जातो, उभं राहायला धड जागा मिळते आणि दारापासून दारापर्यंत साधारण एक तास पाच मिनिटं लागतात. ठाणं एका स्टेशनवर, त्यामुळे आई महिन्यातून एकदा पंचवटी पकडून बहिणींकडे जाऊन येते. आणि दुपारी अडीचचा फोन? आला होता, ऑगस्टमध्ये. भाची शाळेच्या जिन्यावर पडली, हनुवटीला दोन टाके. वहिनी वर्गावर होती. बारा मिनिटांत पोचली कोण, तर आई! गुडघ्यांसकट, चालत. दादाला टाके घालून झाल्यावर कळलं.

तुमचं ऑफिस ऐरोलीत असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, कारण २००४पासून ठाणे-वाशी लोकल असल्यामुळे सगळा नकाशाच फिरतो. अंधेरीत असेल तर आणखी वेगळं. मुलुंड सगळ्यांसाठी बेस्ट आहे असं सांगितलं तर मीही त्या सल्लागारांच्या पंक्तीत जाऊन बसेन. उत्तर आमचं आहे, वहीतलं पान मात्र तुम्ही खुशाल ढापा.

जाता जाता, टोकन देण्याआधी

* ऐन ऑफिसच्या वेळेत दारापासून दारापर्यंत एक पूर्ण फेरी मारा. दोघं नोकरी करत असाल तर दोघांनीही.

* संध्याकाळी सात वाजता त्या एरियात तासभर नुसते फिरा. रस्त्यावर आजी-आजोबा, मुलं आणि एकट्या चालणाऱ्या बायका दिसतात का बघा. दिसत असतील तर एरिया राहण्यासारखा आहे.

* टँकर, लाइट आणि चोऱ्यांबद्दल वॉचमन, वाणी आणि इस्त्रीवाल्याला विचारा. यांना कमिशन मिळत नसतं.

* तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ आहे का ते बघा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जुने रहिवासी अजूनही पाणी कुठवर आलं ते हाताने दाखवतात.

* लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केल्याशिवाय सामान हलवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. 'कशाला उगाच, स्टॅम्प पेपरवर करू' म्हणणाऱ्याला हे हसून सांगा.

* मेंटेनन्स कोण भरणार, पार्किंग नक्की कुठलं आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचं 'डोंट वरी' हा करार नसतो.

* आणि सगळ्यात शेवटी घरातल्या प्रत्येकाला एकेकटं विचारा, ''तुझा दिवस इथे कसा जाईल?'' सगळ्यांसमोर विचारू नका, सगळ्यांसमोर आई नेहमी 'चालेल' म्हणते.